गरजेपुरता प्रवेश : बाळू पालवणकर आणि १९०६ चा सामना



फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, हिंदू आणि युरोपियन या दोन संघांत क्रिकेटचा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांत आटोपले. युरोपियनांना जिंकायला २१२ धावा हव्या होत्या, पण त्यांचा सगळा डाव १०२ धावांत गुंडाळला गेला. हिंदूंनी सामना १०९ धावांनी जिंकला. ज्या जिमखान्यात एतद्देशीयांना सभासदत्व मिळत नव्हते, त्याच्याच अंगणात त्याच्याच संघाचा हा पराभव होता. आदल्याच वर्षी जपानने रशियाला हरवले होते, बंगालच्या फाळणीवरून देश पेटला होता. अशा दिवसांत या निकालाला क्रिकेटपलीकडचा अर्थ चिकटला नसता तरच नवल. पण त्या विजयी संघात चर्मकार समाजातले दोन सख्खे भाऊ होते, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. थोरले बाळू पालवणकर, डावखुरे फिरकी गोलंदाज, त्या काळात हिंदुस्थानात त्यांच्या तोडीचा गोलंदाज दाखवणे कठीण. धाकटे शिवराम, फलंदाज. १९०६ सालच्या मुंबईत हे दोघे त्या संघात कसे पोचले आणि पोचल्यावर कुठपर्यंत जाऊ शकले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर त्याच काळात दिले गेले. मुंबईच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकांच्या पत्राने विजयानंतर लिहिताना, या भावांना हिंदू जिमखान्यात सामावून घेतले गेले हीच खरी मोठी गोष्ट आहे आणि तिने हजारो तरुण हिंदूंची मने मोकळी केली आहेत, अशा आशयाचे मत मांडले. गुणाला जात नसते, गुण दिसला की मन वितळते आणि मन वितळले की दार उघडते, असा हा विचार आहे. तो आजही आपल्याला आवडतो, शाळेच्या पुस्तकांत शोभतो आणि पुरस्कार समारंभांत ऐकू येतो. मला तो पुरेसा वाटत नाही. माझे म्हणणे असे की बाळूंना प्रवेश मिळाला तो संघाच्या गरजेमुळे. म्हणून गरज जेवढी होती तेवढेच दार उघडले. गोलंदाजीची गरज होती म्हणून चेंडू हातात आला. फलंदाजी, पंगत आणि कर्णधारपद यांची गरज कुणालाच नव्हती, म्हणून त्यासाठी वेगळे झगडावे लागले. हे म्हणणे रुक्ष वाटेल, पण पुरावा त्याच्या बाजूने आहे.

पुरावा पुण्यापासून सुरू होतो. पालवणकरांचे मूळ गाव कोकणातले पालवण. बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करात चाकरीला असल्याने कुटुंब पुण्यात आले आणि छावणीतल्या गोऱ्या सोल्जरांनी टाकून दिलेल्या साहित्यावर ही मुले क्रिकेट शिकली. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात : खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, पगार ४ रुपये झाला. तिथेही काम तेच, खेळपट्टी तयार करणे, जाळी लावणे, पट्टीवर चुना मारणे. त्या मैदानावर जे. जी. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी रोज सरावाला येई. हा पुढे हॅम्पशायरकडून खेळलेला पट्टीचा फलंदाज. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देईन, असा त्याने बाळूंशी करार केला होता, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली तर हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ४ रुपये म्हणजे ६४ आणे. म्हणजे ग्रेगला आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटला. फिरकीची दिशा, उंची, टप्पा, चेंडू सोडतानाचा बोटांचा खेळ, हे सगळे या माणसाने कुठल्या प्रशिक्षण शिबिरात शिकलेले नाही. कामावर असताना, दुसऱ्याच्या सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकून त्यांनी ते कमावले.

इथे एक बारीक गोष्ट फार बोलकी आहे. पूना क्लबात बाळूंनी अगणित चेंडू टाकले, पण त्यांना फलंदाजीला कधी उभे केले नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी चाकराची, अशी ही वाटणी होती. इंग्लंडमध्येही हौशी सभ्य गृहस्थ फलंदाजीसाठी आणि पैसे घेऊन खेळणारे व्यावसायिक गोलंदाजीच्या कष्टासाठी, अशी ढोबळ विभागणी रूढ होती, आणि दोघांना मैदानात उतरायची फाटकेही कित्येक ठिकाणी वेगळी असत. आपल्याकडे या विभागणीवर जातीचा थर चढला. आपल्या ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर किंवा मुंबईच्या आझाद मैदानावर ज्याला खेळाडू ‘माळी’ म्हणतात, पहाटे पाणी मारून रोलर फिरवतो तो माणूस, त्याचे काम बाळू करत होते. क्लबाला त्यांचा खांदा आणि मनगट हवे होते. खांदा आणि मनगट ज्या माणसाचे, त्याला स्वतः खेळायचे आहे का, हा प्रश्न क्लबाला पडायचे कारण नव्हते.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला मात्र तो प्रश्न पडला, आणि कसा पडला ते पाहण्यासारखे आहे. या क्लबाला गोऱ्यांच्या संघाशी सामना खेळायचा होता. गोऱ्यांच्या सर्वोत्तम फलंदाजाला रोज चेंडू टाकणारा, त्याच्या फलंदाजीतली प्रत्येक फट माहीत असलेला माणूस शहरातच होता. त्याला संघात घ्यायचे का, यावर क्लबात वाद झाला. काही तेलुगू सभासद घ्यावे म्हणणारे, तर मराठी ब्राह्मण सभासदांतले काही विरोधातले. शेवटी जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि बाळूंना घेतले गेले. संघ जिंकू लागला. आणि त्याच संघात चहाच्या वेळी बाकीचे मंडपात कपबशीतून चहा घेत असताना बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवायला बसायचे ते वेगळे, ताटही वेगळे. मैदानात जो चेंडू बाळूंच्या हातून सुटे तोच झेलणारे हात पुढच्या क्षणी तो परत त्यांच्या हातात देत. स्पर्श होत होता, शंभर वेळा होत होता. तरीही पंधरा मिनिटांच्या चहापानात विटाळ परत येत असे. मने वितळल्याचा सिद्धान्त घेतला तर या दृश्याचा अर्थ लागत नाही. गरजेचा घेतला तर तो सहज लागतो. चेंडू झेलणे ही सामन्याची गरज होती, एकत्र चहा पिणे ही नव्हती.

हे सांगताना मला कुणाचा चांगुलपणा नाकारायचा नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला, लोकमान्य टिळकांनीही केला. त्या काळच्या पुण्यात असा गौरव करण्याला किंमत मोजावी लागे आणि रानडे ती आयुष्यभर मोजत आले होते. पण गौरव झाला तो सामने जिंकल्यानंतर. त्याआधी क्लबाच्या बैठकीत जे ठरले ते बहुधा सुधारणेच्या ठरावाने ठरले नाही, संघनिवडीच्या हिशेबाने ठरले. मुंबईत परिस्थिती थोडी पुढची होती. प्लेगच्या काळात, १८९६ च्या सुमारास, बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना त्या वेळी नुकताच, १८९४ मध्ये, उभा राहिला होता. त्याने त्यांना घेतले. पोटापाण्यासाठी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी लागली आणि तिच्या संघाकडूनही ते खेळू लागले. खेळाच्या जोरावर रेल्वेत नोकरी आणि नोकरीच्या आधारावर खेळ, हे गणित कल्याणसारख्या रेल्वेच्या गावाला समजावून सांगायला नको. पगारी नोकरीमुळे ते कुणाच्या मेहेरबानीवर उरले नाहीत, आणि हिंदू जिमखान्यात त्यांना इतर खेळाडूंबरोबर जेवायलाही बसता आले. पुण्यातल्या मातीच्या भांड्यापासून मुंबईतल्या पंगतीपर्यंतचे हे अंतर खरे आहे. ‘सोशल रिफॉर्मर’ला आनंद झाला तो याच गोष्टीचा, आणि तो आनंद खोटा ठरवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. गरजेनेच दार उघडत असेल तर जगात सगळीकडे उघडायला हवे. जिंकण्याची गरज कुठल्या संघाला नसते? हा आक्षेप तपासायला त्याच काळातल्या अमेरिकेइतके चांगले ठिकाण दुसरे नाही. तिथला बेसबॉल हा पैशाचा, तिकिटांचा, पगारी खेळाडूंचा खेळ होता. १९०३ मध्ये दोन मोठ्या लीगमध्ये समेट होऊन पहिली वर्ल्ड सिरीज झाली. बाळू बॉम्बे जिमखान्यावर खेळले त्याच १९०६ साली ती शिकागोच्याच दोन संघांत झाली. मोसमात ११६ सामने जिंकलेल्या शिकागो कब्जना व्हाइट सॉक्सने चार विरुद्ध दोन असे हरवले, आणि अमेरिकेने तोंडात बोट घातले. या लढतीत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. खेळाडू नव्हते असे नाही. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर टोलेडोच्या संघातून वरच्या दर्जाचे बेसबॉल खेळला होता. पण १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत असे ठरवले, आणि मोठ्या लीगमध्ये तर असा लेखी नियमही करावा लागला नाही. सगळ्यांना ठाऊक होते, सगळे पाळत होते. १९०९ च्या ऑक्टोबरात रूब फॉस्टरच्या कृष्णवर्णीय लेलंड जायंट्सनी याच शिकागो कब्जशी तीन सामने खेळले. तिन्ही हरले, पण अटीतटीने हरले. म्हणजे दर्जा दिसत होता, गरजही होती. मग दार का उघडले नाही?

याचे उत्तर १९०१ च्या एका प्रकरणात सापडते. बाल्टिमोरच्या संघाचा व्यवस्थापक जॉन मॅक्‌ग्रॉ याला चार्ली ग्रँट हा कृष्णवर्णीय खेळाडू हवा होता. उघडपणे घेता येईना. म्हणून त्याने ग्रँटला ‘टोकोहामा’ असे नाव देऊन तो चेरोकी इंडियन आहे असे भासवले. व्हाइट सॉक्सचा मालक चार्ल्स कोमिस्की याने हा बनाव ओळखला, विरोध केला, आणि ग्रँटला मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळायला मिळाला नाही. या प्रकरणात मॅक्‌ग्रॉची गरज अगदी खरी होती. त्याला थांबवले ते प्रतिस्पर्ध्याने. कारण सगळे प्रतिस्पर्धी एकाच कराराने बांधलेले होते. सगळ्यांनी मिळून दार बंद ठेवले तर त्यात कुणा एकाचेच नुकसान होत नाही. एकाने उघडले तर बाकीच्यांना उघडावे लागते. म्हणून प्रत्येक मालक दुसऱ्याच्या दारावर पहारा देत होता. मैदानावर चुरस, आणि मैदानाबाहेर चुरशीची हद्द आपसांत ठरवून घेतलेली.

आता मुंबईकडे पाहा. हिंदू संघाचे प्रतिस्पर्धी युरोपियन आणि पारशी होते. पारशी १८९२ पासून युरोपियनांशी नियमित सामने खेळत होते आणि त्यांना हरवतही होते. हिंदू त्या रांगेत उशिरा आले. १९०७ मध्ये तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी, १९३७ मध्ये पंचरंगी. बाळूंना संघात घेऊ नका असे हिंदूंना सांगण्याचे कारण युरोपियनांना नव्हते आणि पारशांनाही नव्हते. अस्पृश्यता पाळण्याचा त्यांचा-आपला कुठलाही सामाईक करार नव्हता. बाळूंना बाहेर ठेवले तर तोटा फक्त हिंदूंचा, फायदा समोरच्याचा. दार बंद ठेवण्याचा सगळा खर्च एकट्याच्या अंगावर पडत होता, म्हणून ते उघडले. तेव्हा माझे म्हणणे मी या आक्षेपाच्या प्रकाशात दुरुस्त करून मांडतो : नुसत्या गरजेने दार उघडत नाही. भेदभावाचा तोटा जिथे भेदभाव करणाऱ्यालाच भोगावा लागतो आणि तो प्रतिस्पर्ध्यांबरोबर वाटून घेता येत नाही, तिथे ते उघडते.

यातून एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष निघतो आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही. धर्मवार संघांचे हे सामने पुढे समाजात दुही माजवणारे ठरले. १९४० मध्ये महात्मा गांधींनी त्यांच्याविरुद्ध मत दिले आणि १९४६ मध्ये ते कायमचे थांबले. ते थांबले हे योग्यच झाले. पण पालवणकर भावांना आत आणण्याचे काम याच धर्मवार चुरशीने केले. ‘आपण हिंदू’ ही मोट बांधताना आपण कुणाला हिंदू मानतो, या प्रश्नाचे उत्तर देणे भाग पडले. धर्माची एक भिंत उभी करायची म्हणून जातीची दुसरी भिंत थोडी खाली घ्यावी लागली. ज्यांना इतिहासात सगळे चांगले एका बाजूला आणि सगळे वाईट दुसऱ्या बाजूला लागते त्यांची इथे पंचाईत होते, पण घडले ते असे घडले.

गरजेच्या सिद्धान्ताची खरी कसोटी मात्र कर्णधारपदाशी लागते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ एकंदर सामने हरला ते जिंकल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्या पडझडीत बाळूंनी दौऱ्यावर ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. पस्तिशीत आलेला, दुखऱ्या खांद्याने चेंडू टाकणारा गोलंदाज, इंग्लंडच्या काउंटी संघांसमोर. परत आल्यावर त्यांच्या नावाबद्दल, अनुभवाबद्दल, ज्येष्ठतेबद्दल कुणाच्या मनात शंका राहिली असणे शक्य नाही. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. एम. डी. पै कर्णधार झाले. या पैंचे नाव आदराने घ्यायला हवे. १९१३ मध्ये स्वतःच्या सत्काराला उत्तर देताना त्यांनी सांगितले की हा मान माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता, ते ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. मान मिळालेल्या माणसाने, मान देणाऱ्या ज्ञातिबांधवांसमोर उभे राहून हे म्हणावे, याला धैर्य लागते.

यावर असे म्हटले जाते, आणि ते अगदीच मोडीत काढण्यासारखे नाही, की कर्णधारपद हे वेगळे काम आहे. उत्तम गोलंदाज उत्तम कर्णधार असतोच असे नाही. त्या काळी कर्णधाराला नाणेफेक आणि क्षेत्ररचना यांखेरीज भाषणे करावी लागत, गव्हर्नरसाहेबांच्या मेजवानीला बसावे लागे, समोरच्या संघाच्या प्रमुखाशी बरोबरीने बोलावे लागे. शिकलेला, पदवीधर, इंग्रजीत सफाईने बोलणारा माणूस त्यासाठी निवडला तर त्यात जात कशाला शोधायची? या युक्तिवादाचा पहिला दोष असा की तो कर्णधारपदाची व्याख्याच अशी करतो की ती एका वर्गालाच लागू पडावी. दुसरा दोष अधिक साधा आहे. बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल हे उत्कृष्ट फलंदाज तर होतेच, शिवाय शिकलेले होते, लिहिते-बोलते होते. दाराशी त्यांनाही थांबवले गेले. निकष शिक्षणाचा असता तर तो विठ्ठलना लागू व्हायला हवा होता. नेतृत्व करणाऱ्याच्या हुकमाखाली बाकीच्या दहांना वागावे लागते. चर्मकार गोलंदाज आपल्यासाठी बळी घेतो हे त्यांना चालत होते. तो आपल्याला सीमारेषेवर पाठवतो, आपल्याला गोलंदाजी देतो किंवा देत नाही, हे चालत नव्हते. सामना जिंकायला बाळूंचे बळी पुरेसे होते, त्यांचा हुकूम लागत नव्हता. गरज जिथे संपली तिथे रेघ ओढली गेली.

ही रेघ पुसली कशी गेली? १९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूंना वगळले गेले, आणि पै आजारी असल्याने पहिल्या सामन्याचे नेतृत्व द्यायची वेळ आली तेव्हा ते पालवणकरांपैकी कुणाकडे आले नाही. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून नाव मागे घेतले. नुसते घेतले नाही, आपण का खेळत नाही हे जाहीर निवेदन काढून सांगितले. आमच्यापेक्षा कमी योग्यतेच्या माणसाला केवळ जातीमुळे आमच्यावर नेमले जाते, हे आम्हाला मान्य नाही, असा त्याचा रोख होता. वर्ष कोणते होते ते ध्यानात घ्या. त्याच वर्षी देशात असहकाराची हाक दिली गेली होती. ज्याच्या श्रमावर सत्ता उभी आहे त्याने श्रम काढून घ्यायचे, ही कल्पना घरोघर पोचत होती. हिंदू जिमखान्याच्या समितीपुढे आता प्रश्न उभा राहिला : पालवणकरांशिवाय अंतिम सामना खेळायचा का? तो प्रश्न सुटला तो पैंच्या मध्यस्थीने. भाऊ परत आले, बाळूंना उपकर्णधार केले गेले, आणि अंतिम सामन्यात पैंनी काही काळ मैदान सोडून संघ बाळूंच्या हाती दिला. त्या वेळी बाळू चव्वेचाळीस वर्षांचे होते. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, त्या वर्षी अजिंक्यपद हिंदूंकडे आले आणि पुढची काही वर्षे नेतृत्व त्यांच्याकडेच राहिले.

माझ्या युक्तिवादातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला इथे दिसते. गरज एकतर्फी नसते. ज्याची गरज आहे त्याला ती माहीत झाली आणि त्याने ‘नाही’ म्हटले, तर तीच गरज त्याच्या हातातले बळ होते. पंचवीस वर्षे बळी घेऊन जे मिळाले नाही ते एका नकाराने तीन वर्षांत मिळाले. पंचवीस वर्षांच्या बळींशिवाय त्या नकाराला वजन आले नसते, हेही तितकेच खरे. पैंचे मोठेपण त्यात धरले तरी चित्र बदलत नाही. त्यांचे मत १९१३ मध्येही तेच होते. तेव्हा समितीने ते ऐकले नाही, १९२० मध्ये ऐकले. मधल्या काळात पै बदलले नव्हते. भावांनी मागे घेतलेली नावे, हा फरक पडला होता.

कुणी म्हणेल, आजच्या फूटपट्टीने शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना मोजणे अन्यायाचे आहे. मला हा आक्षेप इथे लागू होताना दिसत नाही, कारण फूटपट्टी आजची नाहीच. ती पैंची आहे, पालवणकर भावांच्या निवेदनाची आहे, ‘सोशल रिफॉर्मर’ची आहे. ज्येष्ठता आणि अनुभव पाहून कर्णधार नेमावा, हे त्या काळच्याच माणसांनी त्याच काळात सांगितले होते. आणि हे दुखणे एकट्या आपल्या समाजाचे होते असेही नाही. अमेरिकेत रूब फॉस्टरने अखेर १९२० मध्येच, पालवणकरांच्या नकाराच्या वर्षी, कृष्णवर्णीयांची स्वतःची नॅशनल लीग उभी केली. मोठ्या लीगचे दार १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सनसाठी उघडले. पण मोठ्या लीगच्या एखाद्या संघाला पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक मिळायला १९७५ उजाडले. क्लीव्हलंडचा फ्रँक रॉबिन्सन. मधले अंतर २८ वर्षांचे. बाळू मुंबईच्या हिंदू जिमखान्यात आल्यापासून विठ्ठल कर्णधार होईपर्यंतचे अंतर सुमारे २७ वर्षांचे. दोन समाज, दोन खेळ, भेदाची कारणे वेगळी, आणि खेळू देण्यापासून हुकूम देऊ देण्यापर्यंत लागलेला काळ जवळपास तेवढाच. १९७२ मध्ये मृत्यूपूर्वी काही दिवस वर्ल्ड सिरीजच्या मैदानावर झालेल्या सत्कारात जॅकी रॉबिन्सनने जाहीरपणे मागणी केली ती अशाच पदाची. आपल्याला मिळालेल्या मानाबद्दल आभार मानून तो थांबला नाही.

मैदानाबाहेरही बाळूंच्या वाट्याला हाच न्याय आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तरुणपणी त्यांचे चाहते होते. अस्पृश्य म्हणून जन्मलेला माणूस साऱ्या मुंबईच्या टाळ्या घेतो, हे त्यांच्या पिढीने पाहिले होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत, पण बाळू गांधीजींच्या आणि काँग्रेसच्या बाजूचे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईत आंबेडकरांसमोर उभा करायला काँग्रेसला दलित समाजातला, घराघरात ठाऊक असलेला माणूस हवा होता. साठी गाठलेल्या गोलंदाजाला उमेदवारी मिळाली. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. पराभव झाला, पण इतकी मते त्या काळी आंबेडकरांविरुद्ध मिळवणे सोपे नव्हते. बाळूंच्या श्रद्धेबद्दल मी शंका घेत नाही. त्यांना काँग्रेसचा मार्ग मनापासून पटला होता असेच मी मानतो. पण त्यांना कोणत्या सामन्यासाठी निवडले गेले ते पाहावे. निवडणाऱ्याला बळी हवा होता, आणि समोरचा फलंदाज त्यांच्याच समाजाच्या हक्कांसाठी उभा होता. १९५५ मध्ये बाळू वारले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, असा त्यांचा हिशेब आकडेवारीच्या पुस्तकांत आहे. कर्णधार म्हणून एकही सामना त्यांच्या नावावर लागलेला नाही.

निवडणाऱ्यांच्या नोंदी नेहमीच जास्त राहतात. जिमखान्यांची इतिवृत्ते, इंग्रजी वृत्तपत्रांतली वर्णने, साहेबांची चरित्रे असतात. निवडल्या गेलेल्यांच्या बाजूने लिहिलेले फार थोडे असते. या घराण्याच्या बाबतीत मात्र ते आहे, आणि मराठीत आहे. विठ्ठल पालवणकरांनी ‘माझे क्रीडाजीवन’ हे आत्मचरित्र लिहिले, ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय क्रीडा-इतिहासावर इंग्रजीत जे गंभीर लेखन झाले त्याने या मराठी पुस्तकाचा आधार घेतला. आमच्या शाळांच्या ग्रंथालयांत, क्रिकेट शिबिरांच्या कपाटांत मात्र ते दिसत नाही. १८९३ पासून मराठी ग्रंथ जपणारे संग्रहालय ज्या ठाणे शहरात आहे, आणि डोंबिवली, कल्याण, ठाण्याहून रोज पहाटेच्या लोकलने किटबॅग घेऊन शेकडो मुले-मुली ज्या मैदानांकडे जातात, तिथून ही मागणी उठावी असे मला वाटते. या पुस्तकाची नवी, टिपांसह संपादित आवृत्ती निघावी. १९२० चे निवेदन त्यात मूळ शब्दांत छापावे. आणि तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धांत संघ निवडणाऱ्या समित्यांच्या सदस्यांनी ती आवृत्ती आधी वाचावी.